भिंतीवरचा आप्पा

आप्पाच्या मिशांना कलप लावणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. रविवारची संध्याकाळ होती. दर दुसऱ्या रविवारी हे काम असायचं. तो दुकानामागच्या अंगणात लोखंडी खुर्चीवर बसायचा, गळ्याभोवती माझा फाटका टॉवेल, हनुवटी वर. मी स्टीलच्या वाटीत कलप कालवून दात घासायच्या जुन्या ब्रशानं लावायचो. आधी हे काम माझी बायको करायची. ती गेल्यावर माझ्याकडं आलं. तिचा हात हलका होता. माझा हात खिळे ठोकणाऱ्याचा.

“हलू नको.”

“हललो न्हाई, मालक. शिंक आली.”

“मग शिंक. पण हलू नको.”

“डावा आकडा जरा वर गेला का?”

“गेला तर गेला. तू मेलेला माणूस हायस. तुला कोण बघतंय?”

“मेल्यालाच बघतेत. जित्याकडं कोण बघतंय,” तो म्हणाला आणि हसला, तसा कलप त्याच्या ओठाला लागला. मी शिवी दिली आणि टॉवेलानं पुसला.

मग आम्ही ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी खाल्ली. त्यानं दीड खाल्ली, अर्धी उद्याला म्हणून फडक्यात बांधून घेतली. कलपाची वाटी त्यानंच धुतली. “सकाळी आरशाला येतो,” म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. एवढंच. हे शेवटचं आहे असं माहीत असतं तर मी शिवी दिली नसती. की तरीही दिली असती, तेही सांगता येत नाही.

मी चौथी शिकलेलो. लातूरला गोलाईच्या मागच्या गल्लीत माझं फ्रेमांचं दुकान आहे. आरसेही ठेवतो. आमच्याकडं देव येतात, नवरा-नवरी येतात आणि मेलेली माणसं येतात. पोट मेलेल्यांवर चालतं. लग्नाचे फोटो आता लोक मोबाइलातच ठेवतात, पण बाप मेला की त्याला भिंत लागतेच. पन्नास वर्षं झाली हे काम करून. माझी बायको माझ्या शेजारी बसून फ्रेमांच्या पाठीला हूक बसवायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाशी मी नीट बोलावं यावर लक्ष ठेवायची. मला नीट बोलता येत नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

आप्पा पहिल्यांदा दुकानात आला तो सात-आठ वर्षांमागं. पांढरी पॅन्ट, खांद्याला मोठी बॅग, मिशा अशा की आधी मिशा दुकानात आल्या आणि मागून माणूस. त्यानं पाकिटातून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला.

“फ्रेम करायची. पट्टी काळी, जरा रुंद. अन् हार पण लागंल, चंदनाचा.”

आमच्या धंद्यात विचारावं लागतं. मी विचारलं, “कोण वारलं?”

“मीच,” तो म्हणाला.

मी फोटो बघितला. त्याला बघितलं. त्याच मिशा. मला वाटलं, आलं एक येडं. बायको मात्र हूक खाली ठेवून हसायला लागली. तिनं विचारलं, “आवो, कदी वारलात?”

“पहिल्याच भागात. टीव्हीच्या सीरियलीत. शाळेला चाललेल्या पोरीला टाटा करतो, रस्ता वलांडतो, ट्रक येतो. मग फोटो.”

“जेवलात का?”

“न्हाई अजून.”

“मग जेवून जा. जेवून जा, मग मरा.”

तो खरंच जेवला. पिठलं होतं त्या दिवशी. जेवताना त्यानं सगळं सांगितलं. त्याचं काम एका दिवसाचं. पुढं गोष्ट सगळी त्या पोरीची, बापामागं तिचे कसे हाल झाले त्याची. पण बाप भिंतीवर पाहिजे. त्या लोकांनी काढलेला फोटो इतकुसा, त्यात त्याचा एक डोळा झाकलेला. म्हणून तो आपला फोटो आपण करून नेणार होता. “टांगायचंच हाय तर नीट टांगतो,” म्हणाला.

फ्रेम झाली तेव्हा त्यानं बायकोच्या हातात दिली आणि आपल्या मोबाइलवर तिचा फोटो काढला. तिनं छातीशी हार घातलेला आप्पा धरलेला आणि समोर उभा असलेला आप्पा तिला सांगतोय, “वहिनी, जरा दुःखी व्हा की. मी मेलोय.” त्यावर ती आणखीच हसली. तो फोटो त्यानं नंतर धुऊन आणून दिला. पुढं त्याचं सांगतो.

त्याच महिन्यात त्यानं आमची मागची खोली घेतली. तो मूळचा उदगीरचा, लिंगायत. घरची अडत होती, धान्याचा मोठा व्यापार. थोरल्या भावानं सांगितलं की नाटकं करायची तर या घरात पाय ठेवायचा नाही. यानं ठेवला नाही. दिवाळीला भावाचा पोरगा एसटीच्या ड्रायव्हरकडं फराळाचा डबा द्यायचा, तेवढंच नातं. लग्न केलं नाही. बायकोनं एकदा विचारलं तर म्हणाला, “बगायला गेलो होतो एका ठिकाणी. पोरीच्या बापानं विचारलं, काय करता? मी मनलं, मरतो. उठले ते.”

खोटं नव्हतं. तो जास्त करून मरायचाच. न मरता काम मिळालं तर हवालदार, नाहीतर कोर्टात बसलेला वकील, नाहीतर सरपंचाच्या मागं उभा राहून मान हलवणारा शेतकरी. त्या बॅगेत तिघांचे कपडे कायम इस्त्री करून असायचे. फोन आला की तासाभरात निघायचा. तो म्हणायचा, “मालक, तीन माणसं घेऊन फिरतो मी. चौथा मी. चौथ्याला कुणी बोलवीत न्हाई.”

आमच्या अंगणात तो मरायची प्रॅक्टिस करायचा. गोळी लागून मरायचा तेव्हा बायकोची तुळशीची कुंडी दोनदा फुटली. हृदयाच्या झटक्यानं मरायचा तेव्हा शेजारचा शिंपी पाणी घेऊन धावत यायचा, रोज नव्यानं. म्हातारपणानं मरायचं त्याला जमत नव्हतं. खाटेवर पडायचा, मला विचारायचा, “कसं वाटलं?” मी सांगायचो, “झोपल्यावानी.” तो उठून बसायचा. “हेच अवघड हाय, मालक. ह्यात काईच करायचं नसतंय.”

एकदा मोठ्या सिनेमात तीन दिवसांचं काम मिळालं. सिनेमा लागला तेव्हा बायकोनं गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा करून नेल्या. आम्ही बघत बसलो, आप्पा कुठंच नाही. सिनेमा संपून दिवे लागले. आप्पा शांतपणे म्हणाला, “लग्नाच्या पंगतीत माझा कोपर होता.” कुणी हसलं नाही. बायको म्हणाली, “मी वळखला की. निळ्या शर्टाचा.” निळा शर्ट मला दिसला नव्हता. तिला दिसला होता का, मी कधी विचारलं नाही.

फ्रेमीचं सांगायचं राहिलं. मी त्या फ्रेमीत माझी चांगल्यातली चांगली काच टाकली होती. कडेनं हात फिरवला तर लागणार नाही अशी घासून. सीरियल सुरू झाली. आम्ही तिघं टीव्हीसमोर. पोरगी रडत रडत बापाच्या फोटोपुढं आली, आणि फोटोत बापाच्या तोंडावर नुसता पांढरा उजेड.

“आवो,” बायको म्हणाली, “भाऊजींच्या तोंडावर ट्यूबलाईट!”

दीड महिना रोज तेच. पोरगी रडायची, ट्यूबलाईट ऐकून घ्यायची. मग तिथल्या कुणीतरी आप्पाला सांगितलं की शूटिंगच्या फ्रेमीत काच घालत नसतात, दिवे मोठे असतात, काच लाईट मारते. तो फ्रेम घेऊन परत आला. मी बिनकाचेची फ्रेम जन्मात केली नव्हती. धोतराशिवाय माणूस गावात सोडल्यासारखं वाटलं. पण केली. तेव्हापासून आप्पा टीव्हीत दिसायला लागला. आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी ते बसलं. दूध उतू गेलं, लाईट मारली. गाडी चुकली, लाईट मारली. सिनेमातनं तो कापला गेला त्याचंही नाव तेच झालं.

एकदा मी काचेसाठी नांदेडला निघालो तर तोही आला. काचवाले चाचा माझे जुने. आप्पाला बघून म्हणाले, “क्या आप्पा, अब्बी तक लटकेच हो क्या?” आप्पा म्हणाला, “लटका हूं, चाचा. गिरा नहीं.” माल बांधून होईपर्यंत आम्ही स्टेशनाबाहेर आलो. तिथं एक म्हातारी पेरू विकत बसलेली. तिनं आप्पाला बघितलं आणि तिच्या हातातला तराजू खालीच गेला.

“तुमी वारलाव न्हवं?”

आप्पानं नुसती मान हलवली.

“बरं झालं घावलाव,” ती म्हणाली. “तुमाला काई म्हाईत हाय का? तुमच्या पोरीचं घर त्या सासूनं लिहून घेतलं. सही करू नको म्हणून मी टीव्हीपुढं बसून वरडले, केली तिनं सही. तुमी असताव तर असं झालं असतं का?”

आप्पा तिच्यापुढं उकिडवा बसला. मला वाटलं आता सांगेल, बाई, ते खोटं असतंय. त्यानं विचारलं, “जेवती का पण ती येळेवर?”

“कुठली जेवती! वाळून गेली.”

“मी बगतो,” आप्पा म्हणाला. म्हातारीनं पदराला डोळे पुसले आणि चार पेरू त्याच्या ओंजळीत घातले. परत येताना तो बसमध्ये पेरू मांडीवर धरून बसला. घरी आल्यावर पेरू बायकोपुढं ठेवले आणि म्हणाला, “वहिनी, माझ्या पोरीचं काय काय झालं ते मला सगळं सांगा. मी कदी लक्ष दिलं न्हाई. मी आपला मी दिसतो का तेवढंच बगत बसलो.” दोन तास ती त्याला सांगत होती. मी काच कापत होतो.

त्यानंतरचीच गोष्ट. ती सीरियल लिहिणारी कुणी मुलगी होती, ती त्याला दुसऱ्याच एका कामाच्या सेटवर भेटली आणि म्हणाली की काका, तुमचा फ्लॅशबॅक घेऊ कधीतरी. म्हणजे पोरीला बाप आठवतो आणि बाप भिंतीवरून उतरून बोलतो. त्या मुलीनं सहज म्हटलं असेल. आप्पानं ते धरून ठेवलं.

आता फोटोतला बाप आणि बोलणारा बाप सारखा दिसायला पाहिजे. म्हणून त्यानं त्याच फोटोची एक प्रत माझ्याकडून फ्रेम करून घेतली आणि दुकानातल्या मोठ्या आरशाशेजारी खिळा ठोकून लावली. रोज सकाळी साडेसातला मी शटर उघडलं की तो यायचा. आधी फोटो बघायचा, मग आरसा. मग मान न वळवता मला विचारायचा, “तोच हाय का?”

“तोच हाय,” म्हणायचं माझं काम. एखाद्या दिवशी मी खरं सांगायचो. “गाल बसलेत. म्हातारा झालास.” मग तो आठवडाभर दोन्ही वेळेला तूप खायचा.

एका सिनेमात बारा दिवसांचं काम आलं होतं. पुजाऱ्याचं, पानभर बोलणं. पण मिशा काढायच्या होत्या. यानं नाही म्हणून सांगितलं. मी म्हणालो, “ठार येडा हायस. हातातलं सोडून भिंतीवरचं धरून बसलास.”

“मिशा काडल्या अन् इकडून बोलवणं आलं तर? पोरगी कुणाला वळखंल?”

“तुझी पोरगी हाय का ती?”

त्यावर तो उठून खोलीत गेला. बायकोनं दोन दिवस माझ्या ताटात मीठ कमी घातलं.

तिची आणि त्याची एक बोली झाली होती. तो शूटिंगला निघाला की ती दारात उभी राहून म्हणायचीच, “जेवून जा, मग मरा.” एक दिवस तो म्हणाला, “वहिनी, मला बोलायला मिळालं तर तुमचं वाक्य घालतो. पोरीला म्हणतो, जेवून जा.”

“अन् मग मर?”

“ते न्हाई म्हणत.”

“बगा बरं. मी ऐकणार हाय,” ती म्हणाली. त्या दिवसापासून तीही वाट बघायला लागली. आठ वाजले की हात पुसत टीव्हीपुढं येऊन बसायची आणि विचारायची, “आज बोलतेत का?” तिसऱ्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीनला लावलेली असतानाही आप्पा दिसला की तेच. “आलं का बोलवणं?”

बोलवणं आलं तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात भरती होती. अंगावर सूज होती, शुद्ध मधूनमधून. फोन सकाळी आला, दुसऱ्या दिवशी मुंबईत शूटिंग. आप्पा बॅग घेऊन दवाखान्यात आला, पण बॅग त्यानं दाराबाहेर ठेवली.

“जात न्हाई मी, मालक.”

मी जा म्हणालो नाही, थांब म्हणालो नाही. बायकोनं डोळे उघडले. तिला बॅग दिसली नव्हती, पण त्यानं पांढरी पॅन्ट घातली होती, त्यावरून तिला कळलं.

“बोलायचं हाय का?”

“हाव, वहिनी.”

“मग थांबलाव कशाला? जा.” थोड्या वेळानं म्हणाली, “जेवून जा.”

तो दवाखान्यासमोरच्या खानावळीत जेवला, परत येऊन तिला सांगितलं की जेवलो, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

शिंप्यानं खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, “आप्पाला लावू का?” मी नको म्हणालो. त्याला काम करू दे. ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. अंत्यविधी झाला, राख सावडली. तिसऱ्या दिवशी आप्पा आला, हातात मुंबईहून आणलेला हलव्याचा डबा. गल्लीतच त्याला कळलं. तो अंगणात आला तेव्हा मी लोखंडी खुर्चीवर बसलो होतो. तो काही बोलायच्या आत मी म्हणालो, “आलास? झालं का मरून?”

मीच कळवू दिलं नाही आणि मीच रागावलो. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही दीड महिना मी त्याच्याशी बोललो नाही. तो साडेसातला आरशापुढं यायचा, विचारायचा, मी पट्टी कापत राहायचो. तो स्वतःच म्हणायचा, “तोच हाय,” आणि जायचा. तो हलव्याचा डबा मी उघडला नाही, फेकलाही नाही.

मग एक दिवस तो दुकानात येऊन म्हणाला, “मालक, आज हाय.”

आठ वाजता मी टीव्ही लावला. तिची जागा मोकळी ठेवून आम्ही दोन बाजूंना बसलो. पोरगी माहेरचं घर सोडून निघाली होती, तिनं वळून भिंतीकडं बघितलं. फोटो आला. सगळं धुरकट झालं आणि आप्पा चालत आला. पांढरा सदरा, मिशा तशाच. खाली शाळेचं दप्तर पाठीला लावलेली लहान पोरगी. तो वाकला, तिच्या वेणीची रिबन नीट केली. आणि गाणं सुरू झालं. नुसतं गाणं. सनई, बाई गातेय, काहीतरी बाबा-बाबा. आप्पाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मी आवाज वाढवला. गाणंच वाढलं.

पण मी त्याच्याकडं बघत होतो. मला वाचायला वेळ लागतो, अक्षरं जोडत वाचावं लागतं. ते मात्र मी पहिल्या झटक्यात वाचलं. ओठ मिटून उघडले. जेवून जा. पोरीनं मान हलवली. त्यानं परत म्हटलं, हसून, बोट दाखवून, अगदी माझ्या बायकोसारखं एका बाजूला मान टाकून. जेवून जा. त्या वेळेला, म्हणजे तिथं तो हे म्हणत होता तेव्हा, इथं आम्ही तिला आंघोळ घालत होतो. आप्पानं नंतर शूटिंगची वेळ सांगितली, त्यावरून हिशेब केला तर तीच येते.

जाहिरात लागली. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाला, “लाईट मारली, मालक.”

मी म्हणालो, “न्हाई. ऐकू आलं मला.”

तो उठून अंगणात गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन हलव्याचा डबा उघडला. दगड झाला होता. दोघांनी चहात बुडवून खाल्ला.

त्यानंतर आमचं जे भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरनं. मी बायकोचा फोटो भिंतीला लावला नव्हता. आयुष्यभर लोकांच्या बायका फ्रेम केल्या, आपली जमली नाही. तो आप्पानं काढलेला फोटो काउंटरच्या खणात, खिळ्यांच्या डब्याखाली होता. काढायचो, पट्टी निवडायचो, माप घ्यायचो, परत ठेवायचो.

“लावा की वहिनींना वर,” तो म्हणायचा.

“लावली की मेली.”

“मी किती वर्षं टांगलोय तिकडं. मेलो का?”

“तुझं येगळं. तू येडा हायस.”

“लावा. पण काच नका घालू. सकाळचं ऊन दारातनं सरळ भिंतीवर येतंय. तोंड दिसणार न्हाई.”

“मला शिकवतो का धंदा?” म्हणून मी खण लावून घ्यायचो.

रविवारी मिशा झाल्या. सोमवारी सकाळी मी साडेसातला शटर उघडलं, आरसा पुसला. आप्पा आला नाही. मला वाटलं, शिवी लागली असेल. आठ वाजले. मग गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो खाटेवर कुशीवर होता. उशीला कलपाचा काळा डाग पडलेला. अर्धी भाकरी फडक्यात तशीच. मी म्हणालो, “आप्पा, ऊठ. नाटकं करू नको.” खांद्याला हात लावला आणि कळलं. त्यानं काहीच केलेलं नव्हतं. हात छातीला नाही, तोंड वाकडं नाही, काही नाही. जे त्याला जमत नव्हतं ते अगदी नीट जमलं होतं आणि बघायला मी एकटा.

शिंप्यानं उदगीरला फोन केला. दहाच्या आत भावाचा पोरगा गाडी घेऊन आला, बरोबर चार माणसं आणि स्वामी. त्यांच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. बसवायला काय आहे म्हणून विचारलं तर मी अंगणातली लोखंडी खुर्ची दिली. कालचीच. आप्पाला आंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, स्वामींनी कपाळाला विभूती लावली. बसला होता, हनुवटी जरा वर. मला सारखं वाटत होतं की टॉवेल कुठं गेला.

पुतण्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, मिशा लई काळ्या दिसतेत वो. पुसायच्या का?”

“हात लावू नको. कालच केल्यात.”

“बरं. फोटो हाय का एखादा? घरी लावायला लागंल. बाबा पण म्हणालेत, आण म्हणून.”

बाबा म्हणजे तो भाऊ. आता त्या घरात आप्पाचा पाय नाही तरी फोटो जाणार होता. मी दुकानात गेलो. आरशाशेजारचा फोटो खिळ्यावरून काढला. पाठीला ठोकलेल्या बारीक चुका पक्कडीनं उपटल्या, काच बाहेर काढली, पुठ्ठा परत बसवला. पुतण्यानं तो घेतला आणि अंगणात नेऊन खुर्चीतल्या तोंडाजवळ धरला. एकदा फोटो बघितला, एकदा चुलता. त्यानं चुलत्याला नीट असं कधी बघितलंच नव्हतं.

“जुना फोटो न्हाई ना हा? वळखू येतेत ना?”

“तोच हाय,” मी म्हणालो.

त्यांनी खुर्चीसकट त्याला गाडीत चढवलं. खुर्ची परत पाठवतो म्हणाले. मला चला म्हणाले. मी म्हणालो, दुकान उघडं आहे.

गाडी गल्लीतून वळली. मी आत येऊन काउंटरचा खण ओढला, खिळ्यांचा डबा बाजूला केला आणि फोटो काढला. बायको हसतेय. तिच्या हातातल्या फ्रेमीत माझी चांगल्यातली काच आहे, त्यामुळं आप्पाच्या जागी नुसता पांढरा उजेड. पण आहे तो. हार आहे, पट्टी आहे, मधे उजेड आहे, तो आप्पा. पट्टी मी कधीचीच निवडून ठेवली होती. चार तुकडे कापले, कोपरे जुळवले, पुठ्ठा लावला. काच घातली नाही. पाठीला हूक तिच्यासारखा बसत नाही माझ्याकडून, जरा तिरका बसला.

खिळा भिंतीला होताच.